'इन चाइल्डहूड' की 'इन द चाइल्डहूड'? वयाच्या टप्प्यांबद्दल इंग्रजीत लिहिताना अ, अ‍ॅन, द कुठे लावायचं?

समजा, आजीची पंच्याहत्तरी आहे. घरातल्या ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर टाकायला छानसा फोटो निवडला आहे. परदेशात वाढलेली नातवंडंही वाचणार, म्हणून कॅप्शन इंग्रजीत लिहायचं ठरतं. मग चार ओळी तयार होतात:

'इन द चाइल्डहूड शी लॉस्ट हर फादर. अ‍ॅट एज ऑफ नाइन्टीन शी बिकेम टीचर. इन द थर्टीज शी बिल्ट अवर हाउस. नाऊ, इन द ओल्ड एज, शी इज लर्निंग इंग्लिश.'

भावना पोहोचते, स्पेलिंगही बरोबर आहेत. पण या चारही वाक्यांत एक ना एक चूक आहे आणि ती प्रत्येक वेळी अ, अ‍ॅन किंवा द या चिमुकल्या शब्दांची आहे. तिसऱ्या वाक्यात तर अर्थच बदलतो. 'इन द थर्टीज' वाचून इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर 1930 ते 1939 हा काळ येतो. तेव्हा आजीचा जन्मही झालेला नव्हता!

वाढदिवसाची पोस्ट, श्रद्धांजली, लिंक्डइनवरची ओळख, परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबतचा निबंध या सगळ्या ठिकाणी आपण आयुष्याच्या टप्प्यांबद्दल लिहितो. आणि नेमक्या याच ठिकाणी ही चूक सगळ्यात जास्त होते. ती का होते आणि कशी टाळायची, हे समजून घेऊ.

घोळ नेमका कुठे होतो?

अ, अ‍ॅन आणि द यांना इंग्रजीत आर्टिकल म्हणतात. शाळेच्या व्याकरणात त्यांना उपपद असा शब्द आहे. मराठीत अशी वेगळी उपपदं नाहीत. 'एक मुलगा आला' म्हणताना 'एक' हा शब्द थोडंफार 'अ'चं काम करतो आणि 'तो मुलगा' म्हणताना 'तो' हा 'द'च्या जवळ जातो. पण ते लावलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. 'मी लहान मूल होतो तेव्हा' असं आपण 'एक' न लावता म्हणतो. तेच इंग्रजीत नेलं की 'व्हेन आय वॉज चाइल्ड' होतं आणि 'अ' गळतो.

दुसऱ्या बाजूला, शाळेत 'नामाआधी आर्टिकल लावा' हे इतकं बिंबवलेलं असतं की जिथे गरज नाही तिथेही 'द' चिकटतो. 'इन द चाइल्डहूड' हे त्याचंच उदाहरण. म्हणजे एकच माणूस एका वाक्यात आर्टिकल गाळतो आणि पुढच्या वाक्यात जास्तीचं लावतो.

यातून सुटायला लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी अवस्थेबद्दल बोलतोय, व्यक्तीबद्दल बोलतोय, की सगळ्या गटाबद्दल? उत्तर मिळालं की आर्टिकलचा निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो.

अवस्था असेल तर: 'पण', 'त्व', 'य' आठवा

बालपण, म्हातारपण, प्रौढत्व, पालकत्व, तारुण्य, वार्धक्य. या शब्दांचे शेवट पाहा. 'पण', 'त्व' किंवा 'य' लागला की मराठीत भाववाचक नाम तयार होतं. ते नाम माणसाचं नसतं, त्याच्या अवस्थेचं असतं. बालपण मोजता येत नाही. 'मला दोन बालपणं होती' असं कुणी सहसा म्हणत नाही.

इंग्रजीतला 'हूड' हा प्रत्यय हेच काम करतो. चाइल्डहूड, बॉयहूड, गर्लहूड, अडल्टहूड, पेरेंटहूड, मदरहूड. 'इन्फन्सी', 'अ‍ॅडोलेसन्स', 'यूथ', 'मिडल एज', 'ओल्ड एज' आणि 'रिटायरमेंट' हे शब्दही त्याच पंगतीतले. नुसती अवस्था सांगायची असेल, तर यांच्याआधी आर्टिकल येत नाही:

- लहानपणी: 'इन चाइल्डहूड'
- लहानपणापासून: 'सिन्स चाइल्डहूड'
- म्हातारपणी: 'इन ओल्ड एज'
- निवृत्तीनंतरच्या काळात: 'इन रिटायरमेंट'

पुस्तकांची आणि सिनेमांची नावंही हेच दाखवतात. लिओ टॉलस्टॉय यांच्या सुरुवातीच्या तीन कादंबऱ्या 1852, 1854 आणि 1857 मध्ये प्रसिद्ध झाल्या. इंग्रजीत त्यांची नावं 'चाइल्डहूड', 'बॉयहूड' आणि 'यूथ' अशी आहेत. गंमत म्हणजे रशियन भाषेतही मराठीसारखीच आर्टिकलं नसतात. इंग्रजी नावांतही एकदाही 'द' आलेला नाही, कारण तिन्ही शब्द अवस्थेचे आहेत. रिचर्ड लिंकलेटर यांनी सुमारे 12 वर्षं त्याच मुलाला मोठं होताना चित्रित करून केलेला 2014 चा सिनेमाही नुसता 'बॉयहूड' आहे.

म्हणून सोपी खूण अशी: मनातला मराठी शब्द 'पण', 'त्व' किंवा 'य' वर संपणारा अवस्थेचा शब्द असेल, तर आधी आर्टिकलशिवाय लिहून पाहा.

मग 'अ हॅपी चाइल्डहूड' कसं चालतं?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. 'शी हॅड अ हॅपी चाइल्डहूड' हे वाक्य अगदी बरोबर आहे. कारण 'हॅपी' म्हटल्यावर ते सगळ्यांचं बालपण राहत नाही. अनेक प्रकारच्या बालपणांपैकी हे एक, सुखाचं बालपण. गुण सांगणारं विशेषण आलं की 'अ' किंवा 'अ‍ॅन' येतो: 'अ डिफिकल्ट चाइल्डहूड', 'अ लोनली ओल्ड एज', 'अ लाँग लाइफ'.

पण प्रत्येक विशेषणाला हे लागू नाही. 'अर्ली', 'लेट' किंवा 'लेटर' ही विशेषणं बालपणाचा प्रकार सांगत नाहीत, ती फक्त काळाचा तुकडा पाडतात. म्हणून 'इन अर्ली चाइल्डहूड', 'इन लेट अ‍ॅडोलेसन्स', 'इन लेटर लाइफ' हे आर्टिकलशिवायच लिहितात.

'द' कधी आणि 'माय' कधी?

कुणाचं बालपण, कुठल्या काळातलं, हे पुढे 'ऑफ' लावून बांधलं की 'द' येतो. 'द चाइल्डहूड ऑफ अ ग्रेट सिंगर', 'द लास्ट इयर्स ऑफ हर लाइफ', 'द फर्स्ट इयर ऑफ लाइफ'. कुठलं ते आता ठरलेलं असल्यामुळे 'द' लागतो.

आणि स्वतःचं सांगायचं तर 'माय', 'हिज', 'हर'. 'इन माय चाइल्डहूड' चालतं. फक्त 'माय' आणि 'द' एकाच घरात राहत नाहीत, त्यामुळे 'इन द माय चाइल्डहूड' कधीच नाही.

मात्र एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीत 'माझ्या लहानपणी' हे बोलण्यात सहज येतं, म्हणून आपण प्रत्येक वेळी 'इन माय चाइल्डहूड' लिहितो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते रोजच्या बोलण्यात जास्त करून 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड', 'व्हेन आय वॉज लिटल' किंवा 'अ‍ॅज अ चाइल्ड' म्हणतात. व्याकरण तिन्हीकडे बरोबर आहे, पण कानाला हे जास्त सहज वाटतं.

व्यक्ती असेल तर 'अ' हवाच

'अ‍ॅज अ चाइल्ड' मध्ये आपण अवस्थेवरून माणसावर आलो. चाइल्ड, टीनएजर, अडल्ट, स्टुडंट, सीनियर सिटिझन ही माणसं आहेत आणि माणसं मोजता येतात. एक व्यक्ती सांगायची असेल तर 'अ' किंवा 'अ‍ॅन' गाळता येत नाही.

- चूक: 'व्हेन आय वॉज चाइल्ड'. बरोबर: 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड'.
- चूक: 'अ‍ॅज टीनएजर, ही लव्ह्ड क्रिकेट'. बरोबर: 'अ‍ॅज अ टीनएजर'.
- चूक: 'शी बिकेम टीचर'. बरोबर: 'शी बिकेम अ टीचर'.

विशेषण एकटं आलं तर मात्र आर्टिकल नको. 'व्हेन आय वॉज यंग' बरोबर. त्यापुढे नाम आलं की 'अ' परत येतो: 'व्हेन आय वॉज अ यंग बॉय'.

हे लक्षात ठेवायला जेम्स जॉइस यांच्या 1916 च्या कादंबरीचं नाव मदतीला घेता येईल: 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन'. एका नावात तीन आर्टिकलं आहेत. अनेक चित्रांपैकी एक चित्र, म्हणून 'अ'. कलावंत मात्र ठरलेला, म्हणून 'द'. आणि तो तरुण होता त्या काळातला, म्हणजे 'अ‍ॅज अ यंग मॅन'. 'अ‍ॅज' नंतर वयाची व्यक्ती आली की मधे 'अ', ही सवय या नावावरून सहज लागते.

वयाचे आकडे: चार सापळे

पहिला सापळा 'एज ऑफ' चा. 'वयाच्या एकोणिसाव्या वर्षी' म्हणायचं तर 'अ‍ॅट द एज ऑफ नाइन्टीन'. इथे 'ऑफ' ने वय ठरवलं, म्हणून 'द' लागतो. 'द' नको असेल तर 'ऑफ' ही काढा: 'अ‍ॅट एज नाइन्टीन'. किंवा सरळ 'अ‍ॅट नाइन्टीन'. 'अ‍ॅट एज ऑफ नाइन्टीन' हे मधलं रूप चुकीचं आहे. शिवाय मराठीतला 'एकोणिसाव्या' शब्दशः नेऊन 'इन हर नाइन्टीन्थ इयर' लिहिलं, तर हिशोबाने ती 18 वर्षांची ठरते!

दुसरा सापळा विशी-तिशीचा. मराठीत आपण 'तिशीत' म्हणतो, कुणाची तिशी हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत ते सांगावंच लागतं: 'इन हर थर्टीज', 'इन हिज फॉर्टीज', 'इन माय ट्वेंटीज'. तिथे 'द' लावला की माणसाचं वय जाऊन शतकातलं दशक येतं. 'इन द सिक्स्टीज' म्हणजे 1960 चं दशक. एखाद्या बातमीत 'अ मॅन इन द फिफ्टीज' लिहिलं, तर वाचकाला तो पन्नाशीतला माणूस वाटत नाही, जुन्या काळातला वाटतो. विशीचा शेवट सांगायचा तर 'इन हर लेट ट्वेंटीज', सुरुवात सांगायची तर 'इन हर अर्ली ट्वेंटीज'.

तिसरा सापळा टीनएजचा. 'इन माय टीनएज' हे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. पण 'टीनएज' हे विशेषण आहे, त्यामुळे 'इन माय टीन्स' किंवा 'इन माय टीनएज इयर्स' म्हणावं. आणि 'टीन्स' म्हणजे 13 ते 19, कारण इंग्रजीत याच आकड्यांच्या शेवटी 'टीन' येतं. 11 आणि 12 वर्षांची मुलं त्यात बसत नाहीत.

चौथा सापळा कानाचा. 'अ' की 'अ‍ॅन' हे अक्षर पाहून ठरत नाही, उच्चार ऐकून ठरतं. आकडा अंकात लिहिला तरी तो मनात वाचा. एट, इलेव्हन, एटीन आणि एटी हे स्वराने सुरू होतात, म्हणून 'अ‍ॅन 8-इयर-ओल्ड गर्ल', 'अ‍ॅन 11-इयर-ओल्ड', 'अ‍ॅन 18-इयर-ओल्ड', 'अ‍ॅन 85-इयर-ओल्ड वूमन'. बाकीच्या वयांना 'अ'. 'वन' ची सुरुवात 'व' ने होते, म्हणून 'अ वन-इयर-ओल्ड'. 'यूथ' ची सुरुवात 'य' ने होते, म्हणून 'अ यूथ'. आणि एक लक्षात ठेवा, या रचनेत 'इयर' एकवचनीच राहतं. 'अ फाइव्ह-इयर्स-ओल्ड बॉय' नाही, 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'.

एकाच 'एज' ची वेगवेगळी रूपं

'एज' हा शब्द कधी अवस्था असतो, कधी आकडा, तर कधी युग. त्यामुळे त्याची आर्टिकलं बदलत राहतात.

- 'इन ओल्ड एज': म्हातारपणी. अवस्था, म्हणून आर्टिकल नाही.
- 'अ‍ॅट अ यंग एज', 'अ‍ॅट अ‍ॅन अर्ली एज': लहान वयात. वयाचा एक बिंदू, म्हणून 'अ' किंवा 'अ‍ॅन'.
- 'टू अ राइप ओल्ड एज': भरपूर वय होईपर्यंत. ठरलेला वाक्प्रयोग आहे, 'अ' सकटच येतो.
- 'इन मिडल एज': मध्यमवयात, आर्टिकल नाही.
- 'इन द मिडल एजेस': मध्ययुगात! युरोपच्या इतिहासातला साधारण पाचवं ते पंधरावं शतक हा काळ.

शेवटच्या दोन ओळींत फरक फक्त 'द' चा आणि अनेकवचनाचा आहे. पण 'माय अंकल इज इन द मिडल एजेस' लिहिलं तर काका थेट सरदार-किल्ल्यांच्या जमान्यात जातात.

सगळा गट असेल तर

वृद्ध लोक, तरुण पिढी असं एकत्र सांगायचं असेल तर विशेषणाआधी 'द' लावतात: 'द यंग', 'द ओल्ड', 'द एल्डरली'. हे शब्द अनेकवचनी असतात, म्हणून 'द एल्डरली आर', 'इज' नाही. आणि एका आजोबांना 'अ‍ॅन एल्डरली' म्हणता येत नाही, 'अ‍ॅन एल्डरली मॅन' म्हणावं लागतं.

'यूथ' हा शब्द तर तिन्ही खुर्च्यांवर बसतो. 'इन यूथ' म्हणजे तारुण्यात, ही अवस्था. 'अ यूथ' म्हणजे एक तरुण मुलगा, ही व्यक्ती. 'द यूथ ऑफ इंडिया' म्हणजे भारतातली तरुणाई, हा गट. 'ही इज अ यूथ ऑफ इंडिया' लिहिण्यापेक्षा 'अ यंग इंडियन' लिहिलेलं बरं. इंग्रजी बातम्यांत 'अ यूथ' हा शब्द अनेकदा पोलिसांच्या बातम्यांतल्या तरुणांसाठी येतो, त्यामुळे कौतुकाच्या पोस्टमध्ये तो खटकू शकतो.

कायद्याच्या आणि शास्त्राच्या भाषेत एकवचनी 'द' नेही सगळा गट सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क कराराचं इंग्रजी नाव 'कन्व्हेन्शन ऑन द राइट्स ऑफ द चाइल्ड' असं आहे. इथे 'द चाइल्ड' म्हणजे कुठलं तरी एक मूल नाही, जगातलं प्रत्येक मूल. रोजच्या लिखाणात मात्र 'चिल्ड्रन' हे साधं अनेकवचन बरं पडतं, आणि त्याला आर्टिकल लागत नाही.

इथे प्रश्न फक्त व्याकरणाचा नाही. 'द ओल्ड' किंवा 'द एल्डरली' म्हटल्यावर लाखो वेगवेगळी माणसं एकाच गठ्ठ्यात बांधली जातात. म्हणून आता अनेक जण 'ओल्डर पीपल' असं लिहिणं पसंत करतात. संयुक्त राष्ट्रं 1 ऑक्टोबरला जो ज्येष्ठांचा दिवस पाळतात, त्याच्या इंग्रजी नावातही 'ओल्डर पर्सन्स' असेच शब्द आहेत.

पाठच करावेत असे काही प्रयोग

काही ठिकाणी नियम शोधत बसण्यापेक्षा संपूर्ण प्रयोग लक्षात ठेवणं सोपं.

ऐन उमेदीत म्हणजे 'इन द प्राइम ऑफ लाइफ'. आयुष्याच्या संध्याकाळी म्हणजे 'इन द ट्वायलाइट ऑफ लाइफ'. दोन्हींत सुरुवातीला 'द' आहे आणि 'लाइफ' ला काही नाही. जन्मापासून मरणापर्यंत म्हणजे 'फ्रॉम बर्थ टू डेथ', जोडीने आलेल्या या शब्दांना आर्टिकल नाही.

'कम ऑफ एज' मध्येही आर्टिकल नाही. पण त्याचं भाषांतर 'वयात येणे' असं करू नका. मराठीत वयात येणं म्हणजे शरीराने मोठं होणं. इंग्रजीतला प्रयोग सज्ञान होण्याबद्दल किंवा समज येण्याबद्दल आहे.

असाच आणखी एक फसवा शब्द 'सेकंड चाइल्डहूड'. मराठीत 'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' हे आपण मायेने म्हणतो. इंग्रजीत मात्र त्याचा रोख बहुतेक वेळा 'साठी बुद्धी नाठी' कडे असतो. आर्टिकल कितीही बरोबर लावलं, तरी आजीच्या पोस्टमध्ये तो न आलेला चांगला.

आता आजीची पोस्ट पुन्हा वाचू

'शी लॉस्ट हर फादर इन चाइल्डहूड. अ‍ॅट द एज ऑफ नाइन्टीन, शी बिकेम अ टीचर. इन हर थर्टीज, शी बिल्ट अवर हाउस. नाऊ, इन ओल्ड एज, शी इज लर्निंग इंग्लिश.'

बदल किती झाले? दोन 'द' गेले, एक 'द' आला, एक 'अ' आला आणि एका 'द' च्या जागी 'हर' बसला. बस, एवढेच. पण आता परदेशातल्या नातवाला घर 1930 च्या दशकात बांधलं गेलं असं वाटणार नाही. ते आजीने बांधलं, तिच्या तिशीत, हे त्याला कळेल.

थोडक्यात

- अवस्था (बालपण, तारुण्य, म्हातारपण): आर्टिकल नाही.
- अवस्थेचा गुण सांगितला (सुखाचं, खडतर): 'अ' किंवा 'अ‍ॅन'.
- पुढे 'ऑफ' लावून कुणाचं ते ठरवलं: 'द'.
- एक व्यक्ती (मूल, तरुण, ज्येष्ठ नागरिक): 'अ' किंवा 'अ‍ॅन'.
- विशेषणाने सांगितलेला सगळा गट (वृद्ध, तरुण): 'द' आणि अनेकवचनी क्रियापद.
- विशी, तिशी, चाळिशी: 'माय', 'हिज', 'हर'. 'द' लावला तर दशक.

आणि पोस्ट करण्याआधी शेवटचं एक काम: वाक्य एकदा मोठ्याने वाचा. 'एटीन' च्या आधी 'अ' म्हणताना जीभ अडखळली, तर तिथे 'अ‍ॅन' हवा आहे.